तालुका कुठला?

ग्वाल्हेरचा मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाशी आधी ओळख काढतो आणि मग नमस्कार करतो. चोहीकडे हिंदी आणि मधे आम्ही मूठभर, त्यामुळे बाजारात कुणी 'पाणी'तला ण नीट उच्चारला तरी आमचे कान टवकारतात. मग आडनाव विचारायचं, आजोळ विचारायचं, गोरखी वाड्याकडे तुमचं कोण राहायचं, मावशी कुणाकडे दिली, असं करत करत कुठेतरी धागा लागेपर्यंत समोरच्याला सोडायचं नाही. धागा लागतोच. तो लागला की दोघांनाही उगीचच बरं वाटतं, आणि त्यानंतर ती माणसं वर्षभर भेटली नाहीत तरी चालतं.

या कामात माझा हात धरणारं अख्ख्या लष्करात कुणी नाही. लष्कर म्हणजे आमच्या शहराचा तो भाग जिथे मराठी फौजेने तळ ठोकला आणि मग तो उठलाच नाही. मागे एकदा दाढ दुखली म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. तोंडात दोन नळ्या आणि एक आरसा असतानाही केवळ हातवारे करून मी शोधून काढलं, की त्याची सासू माझ्या चुलत बहिणीच्या वर्गात होती. दाढ त्याने काढलीच, पण हळू काढली. आमचे हे म्हणतात, 'हिला चंद्रावर सोडा, तिथेही हिच्या मामेबहिणीची नणंद निघेल.' बोलू देत. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून यांना माझ्याशिवाय दुसरा विषय नाही.

तर अशी मी. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तोही हिंदीतून. तहसील, जिला, संभाग असं मुलांकडून घोकून घेतलं. एकुलती एक मुलगी पुण्यात नोकरीला आहे. लग्नाचा विषय काढला की फोन ठेवून द्यायची. आणि एका रविवारी आपणहून म्हणाली, 'आई, एक मुलगा आहे. मराठी आहे. मतलब, प्रॉपर मराठी.'

'आणि आपण कोण आहोत?' मी विचारलं.

'अगं, आपण पण आहोत. पण ते लोक ना, वहीं के हैं. त्याची आई तुला फोन करेल. नीट बोल. ओळख-वोळख काढत बसू नकोस, प्लीज. मला खूप आवडतो तो. बिगाडू नकोस.'

स्वतःच्या आईला कुणी असं सांगतं का? पण तिचा आवाज थोडा कापत होता, म्हणून मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला, व्हिडिओवरचा. मुलाची आई शांत चेहऱ्याची, साधी बाई. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, नवरा लवकर गेला, मुलाला एकटीने वाढवलं. ही माहिती त्यांनी आपणहून दिली. मी एक अक्षर विचारलं नव्हतं, हे माझ्या मुलीने लक्षात ठेवावं. मग त्यांनी विचारलं, 'तुमचं मूळ गाव कुठलं हो ताई?'

'ग्वाल्हेर.'

'ते झालंच. पण मूळ?'

आता हा प्रश्न म्हणजे माझं हत्यार. आयुष्यभर मी तो लोकांना विचारत आले. माझ्यावर तो पहिल्यांदाच उलटला. आमचे पूर्वज फौजेबरोबर उत्तरेत आले, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ते कोणत्या घोड्यावरून आले हेही ठाऊक आहे. घोडा तांबडा होता आणि त्याच्या एका कानावर पांढरा ठिपका होता. तो घोडा कोणत्या गावातून निघाला हे मात्र सात पिढ्यांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आडनावात 'कर' असतं तरी काही कळलं असतं, पण आमचं आडनाव म्हणजे दरबारातल्या एका कामाचं नाव. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, तर तो अर्ध्या महाराष्ट्राचा.

'गाव आठवत नसेल तर राहू द्या,' त्या म्हणाल्या, 'तालुका कुठला?'

माहीत नाही, असं म्हणायला काय झालं होतं? पण डोक्यात मुलीचं 'वहीं के हैं' घुमत होतं. मला वाटलं, ही बाई मनात म्हणेल, यांना साधा आपला तालुका माहीत नाही, हे कसले मराठी. मी भूगोलाच्या शिक्षिकेसारखा झटपट विचार केला. महाराष्ट्रात खेड नावाचं काही नसेल असं होणारच नाही.

'खेड,' मी म्हणाले.

'कुठलं खेड? रत्नागिरीचं की पुण्याचं?'

दोन आहेत हे मला कोण सांगणार? मुलगी पुण्यात, म्हणून म्हटलं, 'पुण्याचं.'

'अगंबाई!' त्या एकदम पुढे सरकल्या. पडद्यावर नुसता चष्मा दिसायला लागला. 'अहो, आमचाही खेड तालुकाच! गाव कुठलं मग?'

'आवाज... येत... नाहीये,' मी म्हणाले आणि तोंड उघडं ठेवून पुतळ्यासारखी स्तब्ध बसले. मग फोन बंद केला. आमचे हे समोरच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होते.

'खेड?' ते म्हणाले. 'आपण केव्हा गेलो होतो खेडला?'

'आपण नाही. पूर्वज निघाले असतील.'

'असतील,' ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. थोड्या वेळाने पेपराआडूनच त्यांनी सांगितलं, की वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत खापरपणजोबांच्या काळचा एक उर्दू कागद आहे, त्यात कदाचित गावाचं नाव असेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा कागद त्यांना आज आठवला.

कागद पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. उर्दू वाचणारे आमच्या जयेंद्रगंजच्या गल्लीत एकच, समोरचे निवृत्त उर्दू शिक्षक. सगळे त्यांना मास्टर साहब म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, आणि सवय अशी की सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, 'मास्टर साहब, इसमें देखिए हमारा तालुका लिखा है क्या.'

त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. 'तालुका?' ते म्हणाले. 'बहनजी, ये लफ़्ज़ तो हमारा है. आपके पास कैसे पहुँचा?'

मी म्हटलं, आमचा कसा नाही, महाराष्ट्रात जिल्ह्याच्या खाली तालुकाच असतो. ते इतके खूश झाले की त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितला. मूळ शब्द तअल्लुक़, अरबी, ते म्हणाले. हिंदीत ज्याला ताल्लुक म्हणतात तोच. त्याचा अर्थ संबंध, जोड. एखाद्या मोठ्या ठिकाणाशी जोडलेला जो मुलूख तो तालुका. मला हे आवडलं. मग म्हणाले, पण हा अर्थ वरवरचा. मुळात अरबीत त्या धातूचा अर्थ आहे लटकणं.

'लटकणं?'

'लटकना, टँगना, चिपकना,' ते म्हणाले, आणि सदऱ्याची बाही धरून लोंबकळून दाखवलं. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला आहे, तिथे कपडे अडकवायच्या हँगरलाही याच घराण्यातलं नाव आहे म्हणे. आणि जळूलाही.

'जळूला?'

'जोंक को. अलक़. चिपक जाए तो छूटती नहीं.'

कागद वाचायचं राहिलंच. लिखाण घाईच्या हाताचं आहे, नवा चष्मा यायचा आहे, उद्या या, असं म्हणून त्यांनी मला परत पाठवलं. घरी येऊन मी यांना सांगितलं, की नातं आणि जळू हे अरबीत एकाच कुळातले. हे म्हणाले, 'अरब लोक हुशार. त्यांनीही तुझ्यासारखं कुणी पाहिलं असणार.'

दुसऱ्या दिवशी गेले तर मास्टर साहबांनी कापडी बांधणीचा जाडजूड शब्दकोश मांडीवर घेतलेला. चष्मा आलेला नव्हता, पण कोश त्यांना चष्म्याशिवाय दिसत होता. इलाखा, ते म्हणाले, तोही याच मुळाचा. जिल्हा मात्र वेगळा, जिल्हा म्हणजे बरगडी. राज्य हे शरीर धरलं तर जिल्हे त्याच्या बाजूच्या फासळ्या. तहसील म्हणजे गोळा करणं. मौजे म्हणजे ठिकाण. मी हातातला चहा खाली ठेवला. तीस वर्षं मी मुलांना 'एका जिल्ह्यात किती तहसिली' असं फळ्यासमोर उभं करून विचारलं, उत्तर चुकलं की त्यांना वर्गाबाहेर काढलं, आणि त्यातल्या एका शब्दाचाही अर्थ मला ठाऊक नव्हता. त्या मुलांची आता माफी मागावी तर ती पन्नाशीला आली.

मास्टर साहब रंगात आले होते. समासात जी टीप अडकवतात तीही याच शब्दाची बहीण. प्रेमात पडलेल्या माणसाचं मन कुठेतरी अडकलेलं असतं, त्यालाही अरब लोक हेच म्हणायचे. उर्दू ज्या वळणाने लिहितात त्या नस्तालीकच्या नावातही लटकणं आहे. त्यांनी माझाच कागद हातात धरून ओळी दाखवल्या. प्रत्येक ओळ उजवीकडे वर खिळ्याला टांगून डावीकडे सोडून दिल्यासारखी उतरत गेली होती. ओळी दाखवल्या, वाचल्या नाहीत. आणि एक शब्द मुअल्लक़, ते म्हणाले, म्हणजे अधांतरी, न ज़मीन पर न आसमान में.

हा शब्द मला लागला. यांना सांगितला तर यांनाही लागला. इथे आम्ही 'महाराष्ट्रीयन', पुण्यात गेलो की 'हिंदीवाले'. पुण्याच्या रिक्षावाल्याने माझं मराठी ऐकून मला हिंदीत उत्तर दिलं होतं, ते मी अजून विसरलेले नाही. मला चांगलं लागलं, असं मी म्हणाले होते. पुण्यात म्हणे चांगलं वाटतं, लागत नाही.

इकडे हे अरबी चाललं असताना तिकडे दर दोन दिवसांनी पुण्याहून फोन येत होता. मुलाच्या आईला गाव हवं होतं. त्यांच्या सासरचं दैवत खेड तालुक्यात, साखरपुड्याआधी तिथे जायचं, जाता जाता तुमच्या गावालाही जाऊ, गावदेवीची ओटी भरू, असा त्यांचा बेत. चुलत दीर तिथे शेतकी खात्यात होते, त्यांना तालुक्यातलं पान न पान माहीत. मी दोन वेळा नेटवर्क घालवलं, एकदा घसा बसवला. मग मात्र मी बुद्धी चालवली, आणि ती चालवल्याचं मला आजही वाईट वाटतं.

मी फोनवर खेड तालुक्याचे दोन नकाशे शोधले, एक जुना आणि एक नवा. जुन्यात काही गावं होती, नव्यात त्यांच्या जागी निळा रंग होता. धरण. त्यातलं सगळ्यांत लहान गाव निवडलं. बुडालेल्या गावाला कोण जाणार आणि कोण तपासणार? आणि इतक्या लहान गावातलं माणूस भेटणार तरी कुठे? पुढच्या फोनला मी गंभीर चेहरा करून त्या गावाचं नाव घेतलं आणि म्हणाले, 'पण आता काय उपयोग ताई, धरणात गेलं ते.' नाव इथे लिहीत नाही, कारण ते गाव माझं नाही.

पडद्यावर त्यांचा चेहरा थांबला. मला वाटलं, या वेळी खरंच नेटवर्क गेलं. मग त्यांचे ओठ हलले.

'ताई,' त्या म्हणाल्या, 'माझं माहेर ते.'

आणि त्या रडायला लागल्या. मी पंधरा वर्षांची होते, त्या म्हणाल्या. एका पावसाळ्यात पाणी भरलं. माणसं कुठे कुठे फेकली गेली, कुणी दौंडकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी मुंबईत. आईवडील गेले, भाऊ गेला. इतकी वर्षं झाली, मला त्या गावाचं नाव घेणारं कुणी भेटलं नाही, आणि आज माझ्या घरात सून येतेय ती त्या गावची. 'तुमचं घर कुठल्या आळीत होतं?'

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. फार जुनी गोष्ट, घरात माहिती उरली नाही, असंच काहीतरी. त्या म्हणाल्या, असू दे, मी आहे ना, मी सांगेन. फोन ठेवून मी यांच्याकडे बघितलं. यांनी या वेळी थट्टा केली नाही, म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते कळेल.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. 'आई, तू क्या जादू केलीस? त्या तर सगळ्यांना सांगत सुटल्यात. दिवसभर गाणी गुणगुणतात. तो म्हणतो, मम्मीला इतकं खूश मैंने कभी नहीं देखा. थँक्यू, आई. मी तुला उगीच बोलले होते.'

तिने मला शेवटचं थँक्यू केव्हा म्हटलं होतं, मला आठवत नाही. आणि म्हटलं ते हे. मी दोन रात्री कूस बदलत काढल्या. आता खरं सांगितलं तर त्या बाईचा आनंद मी माझ्या हाताने हिसकावणार, आणि खोटारड्या घरची मुलगी नको असं त्या म्हणाल्या तर लेकीचं लग्न माझ्या जिभेने मोडणार. नाही सांगितलं तर आयुष्यभर त्या माझ्याकडे बुडलेलं गाव विचारत राहणार. उरलेली आशा त्या पिवळ्या कागदाची. त्यात खेड निघालं, निदान खेडच्या आसपासचं काही निघालं, तरी खोट्याला थोडा टेकू मिळाला असता.

चष्मा आला. मास्टर साहबांनी कागद उन्हात धरला आणि मनातल्या मनात सगळा वाचला. मग हसायला लागले. खापरपणजोबांनी दरबाराला केलेला तो अर्ज होता. शेजाऱ्याच्या गच्चीची पन्हळ आपल्या ओसरीवर गळते आणि दोन वेळा सांगूनही शेजारी ऐकत नाही, अशी तक्रार. कागदाच्या दोन्ही बाजू पन्हळीवर. आमच्या घराण्याचा स्वभाव मला त्यातून स्वच्छ दिसला, पण गाव?

'गाँव लिखा है,' ते म्हणाले. 'साकिन लश्कर. साकिन यानी रहने वाला.'

'आणि त्याआधीचं?'

'इससे पहले का कुछ नहीं. वो तो ख़ुद को लश्कर का ही लिख रहे हैं.'

मग मी त्यांना सगळं सांगितलं. खेड, धरण, पुण्याची बाई, सगळं. कुणाला तरी सांगायला हवंच होतं, आणि मास्टर साहबांची पुण्यात कुणाशी ओळख नव्हती. ते चष्मा काढून पुसायला लागले.

'हमसे कोई तालुका नहीं पूछता,' ते म्हणाले. 'सीधे मुल्क पूछते हैं. हम भी साकिन लश्कर ही बताते हैं.' मग चष्मा लावून माझ्याकडे बघत म्हणाले, 'बहनजी, झूठ ही बोलना था तो ऐसी जगह का बोलतीं जहाँ कोई रोने वाला न हो.'

कागद घेऊन घरी आले.

आम्ही पुण्याला जायच्या आधीच मुलाच्या आई ग्वाल्हेरला आल्या, मुलाला आणि आमच्या मुलीला घेऊन. सकाळची गाडी. यांनी सराफ्याजवळून गरम कचोऱ्या आणल्या होत्या. मुलगा नम्र, उंच, हिंदी बोलायचा प्रयत्न करणारा. आमची मुलगी त्याच्याकडे बघत होती तसं तिने आमच्याकडे कधी बघितलं नाही. सगळं इतकं चांगलं चाललं होतं की मला भीती वाटायला लागली.

चहा होतो न होतो तोच त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि फोन काढला. दर मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की त्या एकट्या तिथे जातात. देवळाचा कळस आणि शाळेची एक भिंत वर येते. या वर्षी पाणी फार खाली गेलं होतं, घरांची जोतीसुद्धा दिसत होती. फोटोत भेगाळलेला चिखल होता आणि त्यात दगडांच्या चौकोनी रेघा. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि लहान मुलीसारख्या उत्सुकतेने विचारलं, 'यातलं तुमचं कुठलं असेल? घरात कुणी काही सांगितलं असेल ना, देवळाच्या वरच्या अंगाला की खालच्या?'

मी बोट पुढे नेलं. कुठल्याही चौकोनावर ठेवलं असतं तरी चाललं असतं. त्या लगेच त्याची कहाणी सांगायला लागल्या असत्या आणि सगळे सुखी झाले असते. पण बोट ठेववेना.

'यातलं कुठलंच नाही,' मी म्हणाले. 'ताई, मी खोटं बोलले. आमचं गाव आम्हाला माहीत नाही. तालुकाही माहीत नाही. लाज वाटली म्हणून खेड म्हणाले, आणि पकडली जाऊ नये म्हणून बुडालेलं गाव शोधलं. नकाशात.'

यांनी अर्धी खाल्लेली कचोरी परत ताटलीत ठेवली. चाळीस वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

'आई!' मुलगी उठून उभी राहिली. 'सच में? तू झूठ बोललीस? मी तर पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं की मी ग्वाल्हेरची आहे. त्यांना काही प्रॉब्लेम नव्हता. लाज तुला वाटत होती, मला नाही.'

हे मला कुणी थोबाडीत मारावी तसं बसलं. खरंच होतं ते. तिला काही जोडून द्यायला मी निघाले नव्हतेच, मी माझी अब्रू सांभाळत होते.

मुलाची आई कुणाकडेच बघत नव्हती. फोनवरचा फोटो आपोआप विझला. 'म्हणजे,' त्या हळूच म्हणाल्या, 'त्या गावचं कुणी भेटलं नाहीच मला.'

राग आला असता तर मी सहन केला असता. उलट भांडले असते, ते मला जमतं. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मुलगा उठायला लागला तर त्यांनी न वळताच हाताने त्याला बसवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर अनोळखी माणसांशी धागे जोडत आले, आणि या एका बाईशी बोलायला माझ्यापाशी एक मावशी नव्हती की एक आजोळ नव्हतं.

मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. 'तुमचं घर कुठे होतं?' मी विचारलं.

'तुम्हाला काय करायचंय आता?'

'ज्या गावाचं नाव लावलं ते निदान माहीत तरी असावं.'

त्या वळल्या. माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, आता निघतात. निघाल्या असत्या तर त्यांना थांबवायचा मला हक्क नव्हता. मग म्हणाल्या, 'कागद आहे का मोठा?'

मुलीच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या वहीचा एक कोरा कागद सापडला. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. मी वर उत्तर लिहिली आणि नदी काढली.

'अशी नाही,' त्या म्हणाल्या. 'तुमची नदी फारच सरळ आहे. इथे वळते ती. इथे आम्ही धुणं धुवायचो.'

तीस वर्षं मी मुलांच्या नद्या सुधारल्या. त्या दुपारी माझी नदी चार वेळा खोडली गेली आणि मी मुकाट्याने पुन्हा काढली. मग देऊळ, पार, दोन खोल्यांची शाळा. सुताराचं घर, त्याच्यामागे चिंच. विहीर दोनदा हलवली. आधी त्या तुटक बोलत होत्या, 'इथे. नाही, इथे.' मग आळीच्या नावाबरोबर माणसं यायला लागली. इथली म्हातारी पोरांना चिंचा तोडू द्यायची नाही. इथली सून बोलायची फार. 'तुमच्यासारखी,' असं म्हणून त्या थांबल्या, आणि मग त्यांनाच हसू आलं. मी एकदाही मधे बोलले नाही. आमचे हे दारात उभं राहून बघत होते आणि माझ्या तब्येतीची काळजी वाटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. केव्हातरी मुलगीही येऊन बसली. माझ्याशी बोलली नाही, पण रबर तिने हातात घेतलं आणि मी चुकले की खोडायला लागली.

ऊन खिडकीतून सरकून गेलं तेव्हा कागद भरला होता. त्यांनी शेवटी स्वतःचं घर सांगितलं. देवळापासून तिसरं, पुढे अंगण. मी ते काढलं आणि त्यांचं माहेरचं आडनाव लिहिलं. शेजारी एक जागा कोरी राहिली होती, म्हणून विचारलं, 'इथे कोण राहायचं?'

'इथे कुणी नाही. मोकळंच होतं. गुरं बांधायचे कधी कधी.'

मी पेन्सिल खाली ठेवायला लागले. त्यांनी माझं मनगट धरलं.

'तुमचं लिहा तिथे,' त्या म्हणाल्या.

'ताई...'

'लिहा. आता व्याही होणार, कुठेतरी राहायला नको का तुम्हाला?' आणि मी लिहीत नाही असं बघून थोड्या चिडून म्हणाल्या, 'जागा मोकळीच आहे म्हणते ना मी.'

मला नीट दिसत नव्हतं. मुलीने माझा चष्मा काढून माझ्याच पदराला पुसला आणि परत लावून दिला.

'दार कोणत्या बाजूला काढू?' मी विचारलं.

'पूर्वेला,' त्या म्हणाल्या. 'आमच्या अंगणाकडे.'

मी चौकोन काढला आणि पूर्वेला दार ठेवलं.